न सुटलेली गोळी : सातारचे प्रतिसरकार, पिस्तुले आणि एका खटक्याचा इतिहास

१/
सन १९४४ च्या अखेरची गोष्ट. अमेरिकी नौदलाच्या एका जहाजावर एक रिव्हॉल्व्हर निसटून पोलादी डेकवर आदळले. चाप कोणीही ओढला नव्हता, तरीही गोळी सुटली आणि एक खलाशी प्राणास मुकला. त्याच वर्षी कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात प्रतिसरकारचे भूमिगत सैनिक अशाच जातीची शस्त्रे अंगाखाली लपवून रात्रीतून गावे बदलत होते. या दोन प्रसंगांचा परस्परांशी थेट संबंध नाही. प्रश्न मात्र एकच आहे : गोळी नको तेव्हा का सुटते, आणि ती सुटू नये म्हणून माणसाने काय काय केले?

२/
प्रथम चार शब्द स्पष्ट करू, कारण बोलण्यात त्यांची सरमिसळ होते. बोटाने ओढतात तो चाप. मागून येऊन आघात करतो तो घोडा. काडतुसाच्या बुडाशी असलेली, ठोका बसताच पेटणारी बारीक वाटी म्हणजे टोपी. आणि या साखळीत कोठेतरी अडसर घालणारी कळ म्हणजे सेफ्टी, अर्थात सुरक्षा-खटका. चाप, घोडा, टोपी, दारू, गोळी अशी ही साखळी आहे. सुरक्षेचा सारा इतिहास म्हणजे ही साखळी योग्य क्षणापर्यंत तुटलेली ठेवण्याचा इतिहास होय.

३/
शिवकालीन तोड्याच्या बंदुकीत ही साखळी उघड्यावर होती. बंदूकधाऱ्याच्या हातात धुमसती वात, कमरेला दारूचे शिंग आणि बंदुकीच्या कानाशी रंजक. एक ठिणगी चुकीच्या जागी पडली, की बार उडे. या बंदुकीला सुरक्षा दोनच गोष्टींची : रंजकाच्या वाटीवरचे झाकण आणि धरणाऱ्याची शिस्त. वात दारूपासून दूर ठेवणे, रंजक घालताना ती बाजूला धरणे, शेजाऱ्यापासून अंतर राखणे, ही कवायत बंदुकीइतकीच महत्त्वाची होती. कारण यंत्राने केलेली चूक सावरायला यंत्रात काहीच नव्हते.

४/
दारूला आपला-परका कळत नाही, याचा सर्वांत भीषण दाखला खुद्द साताऱ्याचा आहे. औरंगजेबाच्या वेढ्यात १३ एप्रिल १७०० रोजी अजिंक्यताऱ्याच्या तटाखाली मोगलांनी सुरुंग उडवले. पहिल्या स्फोटाने तट ढासळला आणि किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले जाऊनही जिवंत निघाले. दुसरा सुरुंग मात्र बाहेरच्या अंगास फुटला आणि हल्ल्यासाठी सज्ज उभे असलेले सुमारे दोन हजार मोगल सैनिकच त्यात मेले. सुरुंगाचे प्रमाण प्रचंड असले, तरी नियम पिस्तुलाचाच : साठवलेली शक्ती चुकीच्या क्षणी वा चुकीच्या दिशेने मोकळी झाली, की ती धन्यावरच उलटते.

५/
तोड्यानंतर चकमक आली. आता वात पेटती ठेवण्याची गरज उरली नाही. घोड्याच्या दातांत गारगोटी धरलेली असे आणि चाप ओढताच ती पोलादावर घासून ठिणगी पडे. यामुळे एक नवी सोय शक्य झाली. घोडा अर्धाच मागे ओढून एका खोल खाचेत अडकवता येऊ लागला. त्या अवस्थेत चाप ओढला तरी घोडा सुटत नसे. यंत्रातच बसवलेल्या सुरक्षेचा हा आरंभीचा आणि सर्वांत प्रसृत नमुना. मात्र खाच झिजली किंवा तिचा ओठ तुटला, की भरवसा संपला. म्हणजे सुरक्षा यंत्रात आली तरी तिची निगा माणसाकडेच राहिली.

६/
एकोणिसाव्या शतकात रिव्हॉल्व्हर आले आणि धोका अधिक सूक्ष्म झाला. फिरत्या चक्रात सहा घरे आणि सहा काडतुसे. जुन्या घडणीत घोडा खाली असला, की त्याचे टोक नळीसमोरच्या काडतुसाच्या टोपीवर थेट टेकलेले असे. शस्त्र घोड्यावर आपटले, की तो आघात म्हणजेच ठोका. त्यामुळे १८७३ च्या प्रसिद्ध कोल्ट रिव्हॉल्व्हरबाबत एक रिवाज रूढ झाला : सहा घरांत पाचच काडतुसे भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर उतरवायचा. एक गोळी कमी, पण पडल्यास मृत्यू नाही. हा खटका लोखंडात नव्हता, सवयीत होता.

७/
पुढे ही सवय लोखंडात उतरली. घोडा आणि टोपी यांच्या मध्ये पोलादी पट्टी सरकवायची आणि चाप पूर्ण ओढला तरच ती बाजूला होईल, अशी रचना निघाली. १९४४ च्या त्या जहाजावरील ‘व्हिक्टरी’ रिव्हॉल्व्हरमध्येही असा अडसर होता. पण तो एका स्प्रिंगवर अवलंबून होता आणि साठवणुकीतल्या घट्ट ग्रीसने अशी स्प्रिंग अडकू शकत होती. स्मिथ अँड वेसन कंपनीने सुमारे आठवडाभरात नवी रचना उभी केली. तीत अडसर स्प्रिंगच्या मर्जीवर न राहता चापाच्या हालचालीशी जोडला गेला. एका खलाशाच्या मृत्यूतून पुढच्या असंख्य रिव्हॉल्व्हरांची घडण बदलली.

८/
आता साताऱ्याकडे वळू. ८ सप्टेंबर १८५७ रोजी रंगो बापूजी गुप्ते यांच्या कटातील १७ जणांना साताऱ्याच्या गेंडामाळावर मृत्युदंड देण्यात आला. उठावानंतर देशभर हत्यारे जप्त करण्याचे सत्र चालले आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. परवान्याविना बंदूक बाळगणे गुन्हा ठरले. युरोपियनांना मात्र या बंधनातून सूट होती. या कायद्याचा अपमानकारक भाग इतिहासाच्या पुस्तकांत नेहमी येतो. त्याचा दुसरा परिणाम सहसा नजरेआड राहतो.

९/
तो परिणाम असा : शस्त्राबरोबर शस्त्राचे ज्ञानही गेले. पूर्वी बंदूक कशी धरावी, भरलेली कशी ओळखावी, घरात कोठे ठेवावी, हे बाप मुलाला किंवा नाईक शिलेदाराला शिकवी. १८७८ नंतर हे शिक्षण फौज, पोलीस आणि मूठभर परवानाधारक यांच्यापुरते उरले. गावच्या सामान्य तरुणाच्या हाती दोन-तीन पिढ्या बंदूकच आली नाही. मधल्या काळात शस्त्रे मात्र झपाट्याने बदलली. ज्या पिढीच्या आजोबांनी ठासणीची बंदूक पाहिली होती, तिच्या नातवांच्या हाती एकदम स्वयंचलित पिस्तूल पडणार होते.

१०/
ही उडी महाराष्ट्रात प्रथम ठळकपणे दिसली ती १९०९ मध्ये. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याकरवी २० ब्राउनिंग पिस्तुले पेटीच्या चोरकप्प्यातून हिंदुस्थानात पाठवली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलातूनच. त्या काळी हे यंत्र जगालाच नवे होते. ब्राउनिंगचे पहिले गाजलेले पिस्तूल बेल्जियममध्ये १९०० च्या सुमारास बाजारात आले होते.

११/
रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांच्यातील फरक येथे समजून घ्यावा लागतो. रिव्हॉल्व्हरचे चक्र उघडले, की किती काडतुसे आहेत ते डोळ्यांना दिसते. पिस्तुलात काडतुसे मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात आणि वरचे एक नळीच्या मागच्या घरात चढलेले असते. मॅगझिन काढले, की शस्त्र रिकामे झाले असा नवख्याचा समज होतो. ते एक काडतूस मात्र आतच असते. ‘रिकाम्या’ पिस्तुलाने झालेल्या असंख्य अपघातांचे मूळ हेच. म्हणूनच प्रशिक्षित माणूस आधी मॅगझिन काढतो, मग वरचा सरकता भाग मागे ओढतो आणि घर डोळ्यांनी व बोटाने तपासतो. क्रम उलटला तर मॅगझिनमधले नवे काडतूस घरात चढते.

१२/
पहिल्या ब्राउनिंगवर डाव्या बाजूला एक कळ होती आणि तिच्या दोन स्थितींजवळ फ्रेंच भाषेत ‘आग’ व ‘सुरक्षित’ अशा अर्थाचे शब्द कोरलेले असत. १९१० च्या नमुन्यात तीन सुरक्षा एकत्र आल्या : अंगठ्याची कळ, मुठीमागची पट्टी घट्ट दाबल्याविना न सुटणारा घोडा आणि मॅगझिन काढताच निष्क्रिय होणारा चाप. म्हणजे कारागिराने माणसाच्या तीन चुका आधीच ओळखल्या होत्या : कळ विसरणे, शस्त्र हातातून निसटणे आणि आतले काडतूस विसरणे. प्रत्येक खटका हा कोणत्या ना कोणत्या चुकीचा दस्तऐवज असतो.

१३/
सप्टेंबर १९४२. सातारा जिल्ह्यात तालुका कचेऱ्यांवर निःशस्त्र मोर्चे निघत होते. ९ सप्टेंबरला वडूज येथे पोलिसांच्या गोळीबारात परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात दोघे पडले. या गोळ्या चुकून सुटलेल्या नव्हत्या. मोर्चाच्या मार्गाने पुढे जाता येत नाही, या निष्कर्षाला अनेक कार्यकर्ते त्यानंतर पोहोचले. १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार आकाराला आले आणि कुंडल येथे जी. डी. बापू लाड यांची तुफान सेना उभी राहिली.

१४/
येथे नकाशाची एक नोंद. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगलीचा मोठा भाग होता. येडे मच्छिंद्र, वाळवा ही गावे साताऱ्याचीच, तर सांगली हे पटवर्धनांचे स्वतंत्र संस्थान. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. त्यामुळे ‘सातारचे प्रतिसरकार’ म्हणताना सांगलीचाही इतिहास आपण सांगत असतो. शेणोलीजवळची पगाराची गाडी (७ जून १९४३) आणि धुळे भागातील चिमठाणे येथील सरकारी खजिना (१४ एप्रिल १९४४) या मोहिमा याच माणसांच्या.

१५/
शस्त्रे कोठून आली? एक मार्ग शत्रूच्या हातातूनच जात होता. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, ते पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून. तटावरून उड्या, पाठीवर पोलीस आणि समोर पावसाळी कृष्णा. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव या धावपळीत हुतात्मा झाले, तर दादांच्या खांद्यात गोळी शिरली. क्षणापूर्वी दुसऱ्याच्या हातात असलेली बंदूक भरलेली आहे की नाही, खटका लागलेला आहे की उघडा, हे पाहण्याइतकाही अवधी अशा वेळी नसतो.

१६/
दुसरा मार्ग गोव्याचा. ‘काडतूस’ हा शब्दही मराठीत पोर्तुगिजांकडूनच आलेला. पोर्तुगीज हद्दीतून शस्त्रे आणताना बाळ जोशी हे कार्यकर्ते पकडले गेले. त्यांच्या सुटकेसाठी १९४४ मध्ये नाना पाटलांच्या कन्या हौसाताई गोव्यात गेल्या. बहीण असल्याचे सांगून तुरुंगात भेट घेतली आणि सुटकेच्या बेताची चिठ्ठी अंबाड्यात लपवून नेली. परतीच्या वाटेवर त्यांनी मांडवीचे पात्र रात्री एका लाकडी पेटीच्या आधाराने ओलांडले. एकेका पिस्तुलामागे असे मोल होते.

१७/
अशा मार्गांनी आलेल्या शस्त्रांचा एक दोष अटळ असतो : ती एकसारखी नसतात. सैन्यात सर्वांची बंदूक सारखी, त्यामुळे एकाने शिकलेले सर्वांना उपयोगी पडते. येथे मात्र प्रत्येक पिस्तूल निराळ्या कारखान्याचे असू शकते. एकावर कळ खाली केली की सुरक्षित, तर दुसऱ्यावर तीच हालचाल म्हणजे गोळीची तयारी. स्वस्त नकलांत तर खटकाच दगा देई. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याने स्पेनमधून घेतलेल्या ‘रुबी’ पिस्तुलांची सुरक्षा-कळ चामडी म्यानाला घासून आपोआप उघडू लागली. शेवटी तो घास अडवण्यासाठी पिस्तुलाच्या अंगावर एक बटणासारखा उंचवटा बसवावा लागला.

१८/
भूमिगताच्या हातून चुकून सुटलेल्या गोळीचा अर्थ सैनिकाच्या चुकीहून फार निराळा होता. सैनिकाला शिक्षा होते आणि प्रकरण संपते. भूमिगत मात्र कोणा शेतकऱ्याच्या माजघरात झोपलेला असतो. शेजारी त्या घरची म्हातारी आणि लेकरे. रात्रीच्या शांततेत उडालेला एक बार म्हणजे जखमी होणारे निरपराध कोणी, जागे झालेले गाव, सकाळी येणारी पोलीस पार्टी आणि आसरा देणाऱ्या कुटुंबाची धूळधाण. प्रतिसरकारचा सारा डोलारा गावकऱ्यांच्या विश्वासावर उभा होता आणि त्या विश्वासाला बंदुकीचा एक चुकार बार पुरेसा होता.

१९/
म्हणून येथे सुरक्षा पुन्हा लोखंडातून हातात येते. तिचे नियम जगभर सारखेच आहेत. प्रत्येक शस्त्र भरलेलेच समजावे. नळीचे तोंड ज्याला इजा करायची नाही, त्याच्याकडे कधीही वळवू नये. नेम धरून निर्णय होईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे. लक्ष्यामागे काय आहे, ते जाणून घ्यावे. या चारांत एक सुंदर गोष्ट आहे : एक नियम मोडला तरी उरलेले तीन जीव वाचवतात. चुकून बार उडाला, पण नळी जमिनीकडे होती, तर मातीच उडते. खटका नसलेल्या किंवा न समजलेल्या शस्त्रालाही हे नियम लागू पडतात.

२०/
पण नियम कागदावरून अंगवळणी पडत नाहीत. त्यांना कवायत लागते, आणि नेमके तेच शिक्षण १८७८ नंतर गावांतून गेले होते. ते परत आले एका अनपेक्षित वाटेने. आझाद हिंद सेनेत लढलेले नानकसिंग आणि मन्सासिंग हे पंजाबी सैनिक नागनाथअण्णा नायकवडी यांच्या गटात आले आणि वाळवा-शिराळ्याच्या तरुणांना त्यांनी लष्करी शिक्षण दिले. पुढे मणदूरच्या चकमकीत किसन अहिर यांच्यासह नानकसिंगही हुतात्मा झाले. पंजाबचा एक सैनिक वारणेकाठच्या मराठी पोरांना शस्त्र शिकवतो आणि त्याच मातीत पडतो, हे प्रतिसरकारच्या इतिहासातील एक विलक्षण पान आहे.

२१/
स्वातंत्र्यानंतर कारागिरी पुढेच गेली. १९७३ मध्ये अमेरिकेच्या रुगर कंपनीने काउबॉय पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरात हस्तांतर-पट्टी आणली. घोडा स्वतः टोपीपर्यंत पोहोचतच नाही. चाप ओढल्यावर मध्ये येणारी पट्टी त्याचा ठोका पुढे नेते. त्यामुळे सहाही घरे निर्धास्त भरता येऊ लागली. १९८० च्या दशकात आलेल्या ऑस्ट्रियन ग्लॉक पिस्तुलाने अंगठ्याची कळच काढून टाकली आणि तीन सुरक्षा चापाच्या हालचालीतच गुंफल्या. पडून बार उडण्याचा धोका त्यामुळे फार घटला. बोटाने ओढलेला चाप मात्र कोणत्याही पट्टीला अडवता येत नाही.

२२/
यामुळेच ब्रिटिश सैन्यासारख्या फौजांत ‘अपघाती’ बार हा शब्द जाऊन ‘निष्काळजीपणाचा’ बार हा शब्द रुजला. शब्द बदलला, की जबाबदारीची जागा बदलते. भारतीय कायदाही याच दिशेने सरकला आहे. १८७८ च्या कायद्याची जागा १९५९ च्या शस्त्र कायद्याने घेतली. २०१६ च्या नियमांनी परवान्यासाठी शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाची तरतूद केली. २०१९ च्या दुरुस्तीने लग्नकार्यात वा जल्लोषात इतरांचा जीव धोक्यात घालून केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली. जुन्या कायद्याने शस्त्र आणि ज्ञान दोन्ही काढून घेतले होते. नवा कायदा निदान एवढे मान्य करतो, की ज्ञानाविना शस्त्र देऊ नये.

२३/
स्वातंत्र्यलढ्यातील पिस्तुलाकडे आपण बहुधा एका उडालेल्या गोळीच्या आठवणीतून पाहतो. संग्रहालयाच्या काचेमागचे रिव्हॉल्व्हर पाहताना नजर नळीकडे जाते. पुढच्या वेळी ती थोडी मागे न्यावी. घोड्याजवळची खाच, मुठीवरची पट्टी, अंगठ्याखाली गुळगुळीत झालेली कळ पाहावी. कोणाच्या तरी मृत्यूनंतर ती घडवली गेली आहे. आणि जेथे तीही नव्हती, तेथे एखाद्या तरुणाने महिनोन्महिने आपले बोट चापाबाहेर ठेवले, म्हणून एका अनोळखी घरातली लेकरे रात्रभर निवांत झोपली. कुंडल-वाळव्याच्या त्या वर्षांत सुटलेल्या गोळ्यांची गणती सरकारी दप्तरांत आहे. न सुटलेल्या गोळ्यांमुळे ते सरकार टिकले.